पॅकेज अठरा लाखांचं, त्यातले सहा लाख कुठं आहेत?

दाजींनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टीपॉयवर तळहातानं सपाट केला. त्यांच्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं दिलेलं ऑफर लेटर, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट मारून आणलेलं. 18,00,000 या आकड्याखाली निळ्या पेनानं दोन रेघा होत्या. त्याच्या वरच्या एका बारीक ओळीभोवती गोल केलेला होता: ‘ईसॉप – 6,00,000’.

“हे सहा लाख पीएफसारखे कापून ठेवतात, का दिवाळीला देतात ओ?” दाजींनी विचारलं.

दाजी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मुकादम आहेत. एका शिफ्टला किती डझन निघाले आणि त्याचे किती होतात, हे त्यांना कॅल्क्युलेटर न लावता सांगता येतं. पण या सहा लाखांचं गणित त्यांना लागत नव्हतं. भाची आदल्या रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं आली होती. तिलाही नीट सांगता येईना. “मामा, एचआरवाली म्हणाली, तुम्हाला कंपनीची मालकीच मिळते.” आणि बहिणीनं तोवर लग्नाच्या बायोडाट्यात ‘पॅकेज 18 लाख’ टाकून तो दोन ठिकाणी पाठवलाही होता.

नवी पेठेत बसून मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरतो. पूर्वी ‘ईसॉप’ हा शब्द माझ्या टेबलावर वर्षातून एखाद्या वेळी यायचा. आता जुलैत आठवड्याला एक तरी पोरगा किंवा पोरगी हा कागद घेऊन येते, कारण सोलापूरची निम्मी हुशार पोरं पुण्या-बंगळुरात आहेत. शिवाय एखादी नवी कंपनी शेअर बाजारात उतरली की ‘कर्मचारी रातोरात करोडपती’ अशी बातमी येते आणि इकडं आईबापांना वाटतं, आता आपल्या पोराचा नंबर. म्हणून दाजींना जे सांगितलं, तेच इथं जरा सवडीनं मांडतो.

शेअर म्हटलं की आपल्याला कारखाना आठवतो

आधी एक गैरसमज दूर करू. सोलापूर जिल्ह्यात शेअर हा शब्द पहिल्यांदा कानावर येतो तो साखर कारखान्याचा. आजोबांनी शेअर घेतला, सभासद झाले, ऊस जायची सोय झाली, दिवाळीला सवलतीची साखर मिळाली. सहकारी कारखान्याच्या या शेअरचा भाव बाजारात वरखाली होत नाही. दर्शनी किमतीला घेतला, दर्शनी किमतीलाच परत. तुमच्याकडं एक शेअर असो नाहीतर पन्नास, सभेत मत एकच.

खासगी कंपनीचा शेअर वेगळ्या जातीचा. कंपनीचे समान तुकडे केले, त्यातला तो एक तुकडा. कंपनी वाढली की तुकड्याची किंमत वाढते, बसली की तुकडाही बसतो. मत तुकड्यांच्या संख्येवर. आणि घरी साखर येत नाही.

ईसॉप म्हणजे ‘एम्प्लॉई स्टॉक ऑप्शन प्लॅन’. यातला महत्त्वाचा शब्द आहे ऑप्शन, आणि नेमका तोच सगळे गिळून टाकतात. भाचीला कंपनीनं शेअर दिलेले नाहीत. पुढं कधीतरी, आज ठरलेल्या भावानं शेअर विकत घ्यायचा हक्क दिलाय. हवा तर वापरा, नको तर सोडा.

विसारपावती, पण विसार न देता

जुळे सोलापुरात प्लॉट घेताना आपण काय करतो? भाव ठरवतो, विसार देतो, पावती करतो. समजा वीस लाखांना ठरलं आणि खरेदीखत व्हायच्या आत शेजारून मोठा रस्ता मंजूर झाला. प्लॉट तीस लाखांचा झाला. पावती असलेला माणूस वीसलाच घेणार. उलट कळलं की जागेवर आरक्षण आहे आणि भाव दहावर आला, तर तो विसारावर पाणी सोडतो आणि घरी जातो.

ऑप्शन ही अशीच पावती. फरक एवढाच की विसार रुपयांत द्यावा लागत नाही, नोकरी करून द्यावा लागतो.

भाचीच्या कागदाला एक पुरवणी जोडली होती, ती कुणी वाचलीच नव्हती. तिच्यात असं होतं: ऑप्शन 1,500. ठरलेला भाव प्रत्येकी 10 रुपये. मुदत चार वर्षं. आणि कंपनीच्या मते आज एका शेअरची किंमत 410 रुपये. म्हणजे 410 चा शेअर 10 ला, प्रत्येकी 400 रुपयांचा फायदा, गुणिले 1,500. झाले सहा लाख.

दाजींनी ते मनातल्या मनात करून पाहिलं आणि मान डोलावली. “मग बरोबरच आहे की.”

गुणाकार बरोबर होता. गडबड बेरजेत होती, तिच्याकडं येतोच.

चार ओळी डाळिंबाच्या

हे 1,500 ऑप्शन पहिल्या दिवशी हातात येत नाहीत. मंगळवेढ्याकडच्या एखाद्या बागायतदारानं गड्याला सांगावं, बांधाकडच्या चार ओळी तुझ्या. पण वर्षभर राहिलास तर पहिली ओळ तुझी, दुसऱ्या वर्षाला दुसरी, चार वर्षं टिकलास तर चारही. मधेच गेलास तर जेवढ्या ओळी झाल्या तेवढ्याच. अकराव्या महिन्यात गेलास, तर एकही नाही.

याला कंपनीच्या भाषेत ‘व्हेस्टिंग’ म्हणतात. मी सरळ ‘पिकणं’ म्हणतो. भाचीचे दरवर्षी 375 ऑप्शन पिकणार. पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत काहीच पिकणार नाही. हे कंपनीच्या मनावर नाही, कायद्यातच आहे: ऑप्शन दिल्यापासून पिकेपर्यंत किमान एक वर्ष गेलं पाहिजे. काही कंपन्या पहिल्या वर्षानंतर दर महिन्याला किंवा तिमाहीला थोडे थोडे पिकवतात. काही ठिकाणी मात्र मोठा वाटा तिसऱ्या-चौथ्या वर्षावर ढकललेला असतो. पुरवणीत तेवढं पाहून घ्यावं.

ऑप्शन पिकले म्हणजे शेअर मिळाले असंही नाही. पिकल्यावर ठरलेला भाव भरून ते ‘सोडवून’ घ्यायचे असतात, तारण ठेवलेला दागिना सोडवावा तसे. कंपन्या याला ‘एक्सरसाइज’ म्हणतात. सोडवल्यावर मात्र तुम्ही खरे भागधारक.

आता ती बेरीज

सहा लाख हे चार वर्षांत मिळून पिकणार. वर्षाचे दीड लाख. पण ऑफर लेटरात वर्षाच्या 12 लाख पगारात चार वर्षांचे 6 लाख मिळवून 18 लाखांचं पॅकेज दाखवलेलं. दाजींच्या भाषेत सांगायचं तर एका शिफ्टच्या मालात पुढच्या तीन शिफ्टचा माल धरून डझन मोजले. फारतर 13.5 लाख म्हणायला हवं होतं. आणि त्यातलाही दीड लाख हा किराणा भरायला उपयोगी पडणारा पैसा नाही.

ही चलाखी एकाच कंपनीची नाही, असे कागद मी बरेच पाहिलेत. बेकायदा आहे असंही म्हणता येत नाही, कारण पुरवणीत चार वर्षं असं लिहिलेलं असतं. पण अठरा लाख ठळक अक्षरांत आणि पुरवणी नवव्या पानावर, यातच काय ते आलं.

फुकट का देतात?

फुकट देत नाहीत. दोन कारणं आहेत. पहिलं, नव्या कंपनीकडं रोकड कमी असते. बाजारात ज्या माणसाला पंधरा लाख मिळतील त्याला ती बारा देते आणि उरलेल्याऐवजी उद्याचा हिस्सा देते. दुसरं कारण जास्त खरं आहे: माणूस टिकावा म्हणून.

आपल्या भागात माणूस बांधून ठेवायची जुनी रीत म्हणजे उचल. मुकादम ऊसतोडीच्या हंगामाआधी जोडीला उचल देतो. पैसा आधी हातात येतो, खर्च होतो, आणि मग तो फिटेपर्यंत कोयता सुटत नाही. ईसॉप ही उलटी उचल आहे. इथं पैसा आधी मिळत नाही, पुढं दिसतो. उचलीत घेतलेल्या पैशानं माणूस अडकतो, ईसॉपात न मिळालेल्या. अर्थात जुलमाच्या बाबतीत दोघांची तुलना नको. भाची कधीही राजीनामा देऊ शकते, तिच्या दारात कुणी वसुलीला येणार नाही. पण तिसऱ्या वर्षी दुसरीकडून चांगली नोकरी आली की ‘अजून 375 पिकायचेत’ हा विचार तिला खुर्चीत बसवून ठेवणार, आणि कंपनीला तेच हवंय.

“पण पेपरात तर करोडपती झालेले असतात!”

झालेले असतात, खोटं नाही. 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस 1993 मध्ये बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत तिनं कर्मचाऱ्यांना शेअरचा वाटा दिला. आपल्याकडं नोकरदार मध्यमवर्गाला शेअर ही चीज ठाऊक झाली ती बरीचशी तिथून. 2018 मध्ये वॉलमार्टनं फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरना घेतला, तेव्हा ऑप्शन बाळगून बसलेल्या अनेकांची घरं झाली. 2021 च्या जुलैत झोमॅटो 76 रुपयांना बाजारात आली, 2024 च्या नोव्हेंबरात स्विगी आली. दोन्ही वेळा हीच बातमी.

पण त्याच 2021 च्या नोव्हेंबरात पेटीएम 2,150 रुपयांना आली आणि पहिल्याच दिवशी भाव सुमारे 27 टक्क्यांनी पडला. बायजूजचं मूल्य 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर सांगितलं जात होतं, 2024 च्या जुलैत ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिथल्या पोरांकडंही असेच कागद होते.

आणि ज्या कंपन्या न मोठ्या झाल्या न बुडाल्या, नुसत्याच चालत राहिल्या, त्यांची तर बातमीच होत नाही. तिथल्या माणसाकडं शेअर असतात, किंमतही असते, फक्त घेणारा नसतो. गावाकडं वाटणीत आलेली, रस्ता नसलेली दोन एकर जशी. सातबाऱ्यावर नाव आहे, गिऱ्हाईक नाही. बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचा शेअर मनात आलं म्हणून मोबाईलवरून विकता येत नाही. कंपनी बाजारात आली, कुणी तिला विकत घेतलं, किंवा कंपनीनं स्वतःच परत घ्यायची योजना काढली, तरच रोकड. तोवर 410 हा आकडाच.

410 आला कुठून, आणि तो भाचीचा आहे का?

हा भाग जरा वैरण चघळल्यासारखा चघळावा लागतो, पण खरी मेख इथंच आहे.

मोठे गुंतवणूकदार कंपनीत पैसे घालतात तेव्हा प्रति शेअर एक भाव ठरतो. बहुतेक वेळा ऑफर लेटरात तोच येतो. पण गुंतवणूकदाराचे शेअर आणि भाचीचे शेअर एका पंक्तीत नसतात. त्यांच्या करारात बहुधा अशी अट असते: कंपनी विकली तर आमचे घातलेले पैसे आधी काढून घेणार, मग उरलेल्यात बाकीचे. समजा गुंतवणूकदारांनी 200 कोटी घातलेत आणि कंपनी अडचणीत येऊन 180 कोटींना विकली. पेपरात मथळा येईल ‘180 कोटींना विक्री’. त्या अटीवर पहिल्या पंक्तीनं पातेलं पुसून नेलं आणि भाचीच्या पंक्तीला पत्रावळीच.

दुसरी गोष्ट हिश्श्याची. 1,500 हा आकडा मोठा वाटतो, पण कशातले 1,500? कंपनीचे एकूण एक कोटी शेअर असतील तर हा हिस्सा 0.015 टक्के. पुढं नवे गुंतवणूकदार आले, 25 लाख नवे शेअर निघाले, की तोच हिस्सा 0.012 टक्क्यांवर येतो. लग्नात आयत्या वेळी चारशे पानं वाढली की आचारी आमटीत पाणी घालतो, तसं. इथं एक गोष्ट मात्र न्यायानं सांगायला हवी: नवे लोक रिकाम्या हातानं येत नाहीत, डाळ घेऊन येतात. पैसा नीट वापरला तर लहान हिस्सासुद्धा पूर्वीपेक्षा जास्त किमतीचा होतो. म्हणून हिस्सा घटला यात घाबरण्यासारखं काही नाही. एकूण शेअर किती हे कंपनी सांगतच नसेल, तर मात्र आपण नेमकं काय घेतोय हे कळायला मार्ग नाही.

दाजी इथं म्हणाले, “म्हणजे गिरणी बंद पडली की कामगार शेवटी, तसंच झालं.”

हा सोलापूरचा माणूस. जुन्या गिरण्यांच्या देण्यांच्या गोष्टी ऐकतच मोठा झालेला. पण त्यांना म्हटलं, इथं जरा वेगळं आहे आणि ते समजून घ्या. आजच्या दिवाळखोरी कायद्यात कंपनीची मालमत्ता विकून येणाऱ्या पैशाची रांग ठरलेली आहे. प्रक्रियेचा खर्च वजा झाला की कामगारांची 24 महिन्यांची देणी तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीनं उभी राहतात, इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा थकलेला पगार त्यांच्या मागोमाग. सर्वांत शेवटी साधे भागधारक. म्हणजे थकलेल्या पगारासाठी भाची रांगेत बऱ्यापैकी पुढं असेल, आणि ईसॉपसाठी तीच भाची रांगेच्या शेपटाला. पगाराचा रुपया आणि ईसॉपचा रुपया एका बेरजेत घालू नयेत, ते यासाठी.

कर: पैसे यायच्या आधी

माझ्या टेबलावर लोक रडकुंडीला येतात ते इथं. गेल्या वर्षी एक पोरगा आला, महिन्याला लाखाच्या वर पगार, आणि मार्च महिन्याच्या पगारपत्रकावर हातात आलेली रक्कम अकरा हजार. त्याला वाटलं चूक झाली. चूक नव्हती. त्यानं ऑप्शन सोडवले होते.

कर दोनदा लागतो. ऑप्शन मिळाले तेव्हा नाही, पिकले तेव्हाही नाही. पहिल्यांदा लागतो तो सोडवताना. त्या दिवशीची शेअरची रास्त किंमत आणि तुम्ही भरलेला भाव यांतला फरक तुमचा पगारच धरला जातो. कंपनी बाजारात नोंदलेली नसेल तर ही किंमत मर्चंट बँकर ठरवून देतो. आणि कंपनी त्यावरचा कर इतर पगारासारखाच कापते.

भाचीचंच घेऊ. दोन वर्षांनी तिचे 750 पिकले, शेअर तोवर 800 चा झाला आणि तिनं सोडवले असं धरा. भरायचे 7,500 रुपये. फरक प्रत्येकी 790, एकूण 5,92,500. हे तिच्या त्या वर्षीच्या पगारात धरले जाणार. पगार तेव्हा 14 लाख असेल, तर नव्या करपद्धतीत 2025-26 च्या दरांनी या फरकामुळं वाढणारा कर उपकरासह होतो 1,08,940 रुपये. म्हणजे एकूण सव्वा लाखाच्या आसपास रोख खिशातून जाणार, आणि बदल्यात मिळणार असे शेअर जे आज विकता येत नाहीत.

बँकेकडून कर्ज काढावं म्हटलं, तर न सोडवलेले ऑप्शन कायद्यानं गहाण टाकता येत नाहीत, दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाहीत. सराफ कट्ट्यावर काही मिळत असेल तर ते आईच्या बांगड्यांवर, यावर नाही.

दुसऱ्यांदा कर लागतो शेअर विकताना, तो भांडवली नफ्यावर. इथं खरेदी किंमत 10 नाही, 800 धरतात, कारण तेवढ्यावर कर भरून झालेला असतो. कंपनी बाजारात आली आणि पुरेसं थांबून 1,200 ला विकले तर नफा प्रत्येकी 400, एकूण 3 लाख. नोंदलेल्या शेअरवर एक वर्षानंतर विकल्यास वर्षाचा पहिला सव्वा लाख नफा माफ, उरलेल्यावर साडेबारा टक्के. भाचीला उपकरासह 22,750 रुपये. वर्षाच्या आत विकले तर 20 टक्के. नोंद नसलेल्या कंपनीला हीच मर्यादा दोन वर्षांची, आणि त्याआधी विकले तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात.

आता उलटं पाहा. भाव 800 वरून 600 वर आला आणि तिनं विकले. कागदावर दीड लाखाचा तोटा. पण हा भांडवली तोटा. पगारावर भरलेला एक लाख नऊ हजारांचा कर त्यामुळं परत येत नाही. तोटा फक्त पुढच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, त्यासाठी आठ वर्षं पुढं नेता येतो, तोही विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. न मिळालेल्या पैशावर कर भरून वर नुकसान, असं दिसतं हे. लोक चिडतात. मला त्यांची चीड चुकीची वाटत नाही.

सरकारनं यावर एक उपाय 2020 च्या अर्थसंकल्पात काढला: ठरावीक स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा पहिला कर साधारण पाच वर्षांपर्यंत, किंवा शेअर विकेपर्यंत, किंवा नोकरी सोडेपर्यंत पुढं ढकलता येतो, यातलं जे आधी घडेल ते. पण नुसतं ‘आम्ही स्टार्टअप आहोत’ एवढ्यानं हे लागू होत नाही. सरकारी मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते असलेल्या कंपन्या मोजक्याच. एचआरला हा प्रश्न लेखी विचारावा. मोघम उत्तर आलं तर ‘नाही’ असं समजून चालावं.

एक फुटकळ पण दरवर्षी होणारी चूक: नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर हातात असतील तर आयटीआर-1 हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही. आणि ज्यांची मूळ कंपनी अमेरिकेत आहे, ज्यांना ‘आरएसयू’ म्हणजे पिकल्यावर थेट शेअरच मिळतात, त्यांनी ते परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवलेच पाहिजेत, एकही शेअर विकला नसला तरी. पोरं म्हणतात, “काका, विकलंच नाही तर दाखवायचं कशाला?” दाखवायचं. उत्पन्नाचा प्रश्न नाही, मालकीचा आहे.

नोकरी सोडली तर?

न पिकलेले गेले. पिकलेले पण न सोडवलेले ऑप्शन कंपनीनं ठरवलेल्या मुदतीत सोडवावे लागतात. ही मुदत कायद्यानं नेमलेली नाही, योजनेत लिहिलेली असते. बऱ्याच ठिकाणी 30 ते 90 दिवस, काही भल्या कंपन्या काही वर्षंही देतात. नोकरी सोडताना, घर बदलताना, डिपॉझिट भरताना सव्वा लाख बाजूला काढणं किती जणांना जमतं? म्हणून कित्येक जण चार वर्षं राबून पिकवलेले ऑप्शन तसेच सोडून जातात. माझ्या मते ऑफर लेटरात पाहायची सर्वांत महत्त्वाची ओळ ही, 410 ची नाही.

कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर मात्र सगळे ऑप्शन, न पिकलेलेसुद्धा, त्या दिवशी पिकतात आणि वारसांना मिळतात. हे बहुतेक घरांत ठाऊकच नसतं. पीएफचं नामनिर्देशन करतो तसा याचाही कागद घरात ठेवावा.

“मग हे घेऊच नये का?”

भाचीनं हे विचारलं तेव्हा तिचा चेहरा पडला होता आणि दाजी माझ्याकडं असं बघत होते की जणू मीच सहा लाख उचलले.

घ्यावे की. नाही म्हणून मिळतंय काय? ऑप्शन घेतल्यानं काही देणं लागत नाही, कंपनी बुडाली तर कर्ज अंगावर येत नाही. ठरलेला भाव जितका कमी तितकं बरं, आणि 10 रुपये हा खरोखर चांगला भाव आहे. काही कंपन्या ऑप्शन आजच्याच किमतीला देतात, मग 410 च्या पुढं भाव जाईल तेवढाच फायदा. आणि सगळ्याच कंपन्या हात वर करत नाहीत: फोनपे फ्लिपकार्टपासून वेगळी झाल्यावर, 2023 मध्ये, फ्लिपकार्टनं ऑप्शन असलेल्यांना रोख भरपाई दिली होती.

प्रश्न घ्यावे की नाही हा नाही, त्यांच्यापायी रोख किती सोडायची हा आहे. दुसरी कंपनी रोख 14 देत असेल आणि ही 12 अधिक ईसॉप, तर भाची वर्षाला दोन लाख घालून एक तिकीट विकत घेतेय. तिच्यावर घरकर्ज नाही, वय चोवीस, कंपनीचं काम तिला आवडतं. ती घेऊ शकते. भावाच्या शिक्षणाचा हप्ता तिच्या पगारातून जाणार असता, तर मी दुसरं सांगितलं असतं.

आपल्या टॉवेल कारखान्यात देता येतील का?

हा दाजींचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात आवडला. उत्तर बहुतेक ठिकाणी नाही असंच आहे. सोलापुरातले बहुसंख्य कारखाने एकट्याच्या मालकीचे किंवा भागीदारीचे. तिथं शेअर ही वस्तूच नसते, तर ऑप्शन कशाचा देणार? प्रायव्हेट लिमिटेड असेल तर भागधारकांच्या सभेत ठराव करून देता येतात. पण पुढं ते घेणार कोण? मालक कारखाना विकायला बसलेला नाही आणि बाजारातही जायचा नाही. मग मुकादमाच्या हातात ती रस्ता नसलेली दोन एकरच. अशा ठिकाणी दुसरा सरळ मार्ग असतो: शेअर न देता, कारखान्याची किंमत ठरल्यापेक्षा जेवढी वाढेल त्याचा ठरावीक वाटा रोखीत द्यायचा. किंवा त्याहून सरळ म्हणजे बोनस, किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के.

“आमचा मालक 8.33 च्या पुढचा दशांश बघत नाही,” दाजी म्हणाले.

भाचीनं त्याच रात्री एचआरला मेल टाकली: एकूण शेअर किती, पहिल्या पंक्तीतल्या गुंतवणूकदारांचे किती पैसे आहेत, नोकरी सोडल्यावर मुदत किती, कर पुढं ढकलण्याचं प्रमाणपत्र आहे का, आणि आजवर कर्मचाऱ्यांचे शेअर परत घेतलेत का. मंगळवारी उत्तर आलं. मुदत 90 दिवस. प्रमाणपत्र नाही. परत अजून घेतलेले नाहीत. पहिल्या दोन प्रश्नांवर ‘ही माहिती गोपनीय आहे’. तिनं मग रोख पगारात लाखभर वाढवून मागितला, साठ हजार वाढले. पुढच्या महिन्यात ती रुजू होतेय.

दाजींनी कागदावरच्या 18 वर काट मारून वर 12.60 लिहिलं आणि बहिणीला म्हणाले, बायोडाटा दुरुस्त कर. ती स्वयंपाकघरातूनच ओरडली, “मुळीच नाही. समोरच्या पोराचं 22 लिहिलंय, त्यात किती ईसॉप आहेत ते आधी विचारा.”